फोर व्हील ड्राइव्ह ‘गेला’ म्हणण्याआधी एक बल्ब लावून बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या किनाऱ्यांवरच्या एटीव्हींच्या, म्हणजे वाळूत-चिखलात चालणाऱ्या जाड टायरच्या चारचाकी बाइकच्या, राइडबद्दल लेख आला होता. फोटो झकास होते, लिहिलेलंही बरं होतं, पण मध्येच एक वाक्य असं टाकलंय की या गाड्यांचा फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देणारी सोय, एकदा गेला की दुरुस्ती परवडत नाही, गाडी सरळ विकून टाकावी. आता हे वाचून आमच्याकडची निम्मी मंडळी घाबरणार आणि उरलेल्या निम्म्यांना कोणीतरी हेच वाक्य दाखवून बिल वाढवणार, म्हणून लिहितोय. माझं दापोलीच्या बाजूला गॅरेज आहे, आधी फक्त टू व्हीलर करायचो, मग कर्दे, मुरुड, लाडघर या पट्ट्यात पर्यटक वाढले तशा एटीव्ही यायला लागल्या आणि हल्ली बागायतदारांच्याही येतात. किनाऱ्यावर या गाड्या फिरवाव्यात की नाही हा वाद वेगळा, कासवांच्या विणीच्या दिवसांत वाळूवर टायर फिरवणाऱ्यांच्या मी स्वतः विरोधात आहे, पण तो विषय आज नको.

पहिली गोष्ट म्हणजे बीचवर भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांना फोर व्हील ड्राइव्ह नसतोच. चाकं चार आहेत म्हणून लोकांनी ते धरून चाललेलं असतं. ११० किंवा १२५ सीसीचं इंजिन, मागे एकच सलग एक्सल, त्याला चेन, झालं, पुढची चाकं फक्त वळायला. अशी गाडी वाळूत रुतली म्हणून ‘फोर बाय फोर चालत नाही हो’ अशी तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा काय बोलावं कळत नाही. वाकून पुढच्या दोन चाकांच्या मध्ये बघा, तिथे गिअरचा एक छोटा डबा आणि त्यातून दोन्ही चाकांकडे गेलेले, रबरी बूट घातलेले शाफ्ट दिसले तरच ती फोर व्हील ड्राइव्ह, नसतील दिसले तर जे नाहीच ते बिघडेल कसं.

खरा फोर व्हील ड्राइव्ह असलेली जी गाडी आमच्याकडे जास्त दिसते ती पोलारिसची स्पोर्ट्समन ५७०. कंपनीने ही गाडी आपल्याकडे ट्रॅक्टर म्हणून पास करून आणली त्यामुळे तिला नंबर प्लेट मिळते, ५६७ सीसीचं सिंगल सिलिंडर इंजिन आहे, आणि आंब्याच्या बागेत जिथे मोठा ट्रॅक्टर वळत नाही तिथे क्रेट ओढायला, फवारणीची टाकी न्यायला बागायतदार ती वापरतात. हिची पुढची सिस्टिम नीट समजून घेतली तर निम्म्या तक्रारी गॅरेजमध्ये यायच्या आधीच मिटतील असं माझं मत आहे.

तर ते असं आहे. पुढच्या गिअरकेसमध्ये एक कॉइल असते, म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेट. तुम्ही हँडलवरचं एडब्ल्यूडीचं, म्हणजे ऑल व्हील ड्राइव्हचं, बटण दाबलं की तिला १२ व्होल्ट मिळतात आणि ती आर्मेचर प्लेट नावाची एक पातळ चकती ओढून धरते, ती चकती रोलर असलेल्या पिंजऱ्याला मागे खेचते आणि रोलर अडकायच्या तयारीत राहतात. तयारीत राहतात म्हणतोय, अडकत नाहीत लगेच, इथेच लोकांचा घोळ होतो. कंपनीने पुढच्या गिअरचा रेशो मुद्दाम असा ठेवलाय की गाडी सरळ चालत असताना पुढची चाकं आतल्या रिंग गिअरपेक्षा थोडी जोरात फिरतात, म्हणून रोलर मोकळेच असतात. मागची चाकं चिखलात फिरायला लागली, घसरली, की पुढच्या गिअरकेसला फिरवणारा मधला शाफ्ट जोरात फिरतो, रिंग गिअर पुढच्या चाकांना गाठतो आणि तेव्हा रोलर पाचरीसारखे मध्ये बसतात आणि पुढची चाकं ओढायला लागतात. म्हणजे डांबरी रस्त्यावर बटण दाबून ‘काहीच फरक नाही’ असं म्हणणाऱ्याच्या गाडीत बिघाड नाही, फरक पडायलाच नको तिथे!

अजून एक गंमत. बटण दाबताना इंजिन ३१०० आरपीएमच्या वर असेल तर ही सिस्टिम लागतच नाही, आरपीएम खाली आल्यावरच लागते, हे पोलारिसच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे. ती सोय गिअर वाचवायला केलीय. आणि आपली माणसं काय करतात, गाडी रुतली की आधी पूर्ण रेस देतात, चाकं भणाणा फिरतायत, चिखल अंगावर उडतोय, आणि मग आठवण होते बटणाची. तोवर मागची चाकं एक्सलपर्यंत आत. रेस सोडायची, बटण दाबायचं, मग हळू उचलायची. मॅन्युअल मराठीत दिलं तर वाचतील तरी, इंग्रजी पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच येत नाही.

आता टायर. वर जो रेशो सांगितला तो टायरच्या मापावर उभा आहे हे कोणी लक्षात घेत नाही. मागचे टायर झिजले, दुकानात त्याच मापाचे नव्हते म्हणून जरा मोठे घातले, की मागचं चाक त्याच वेगाला कमी फिरतं, मधला शाफ्ट कमी फिरतो, आणि पुढचा ड्राइव्ह लागायला उशीर होतो, मागचं चाक खूप घसरल्याशिवाय लागतच नाही. उलट पुढे मोठे घातले तर तो बटण दाबल्यावर सतत लागलेला राहतो, हँडल जड होतं, आतलं सगळं झिजतं. ही तक्रार कॉम्प्युटर लावून सापडत नाही, मोजपट्टीने सापडते. हवासुद्धा बघा, पुढे भरपूर आणि मागे चपटा टायर हीसुद्धा तीच गोष्ट झाली.

हे सगळं ठीक असेल तर मग वायरिंग. किनाऱ्याजवळ दहातल्या आठ वेळा इथेच सापडतं असं मी अनुभवाने सांगतो, खारी हवा तांबं खाते आणि वरून लोक बीचवरून आले की प्रेशर वॉशर थेट कनेक्टरवर मारतात. कॉइलचा कनेक्टर सोडवा, कॉइलकडच्या दोन पिनांवर मल्टीमीटर ओहमला लावा, साधारण २४ ओहम यायला पाहिजेत. अनंत दाखवलं तर तार तुटलीय, शून्याच्या जवळ दाखवलं तर आत शॉर्ट आहे. मीटर लावलेला ठेवूनच ती तार हाताने हलवत हलवत वर न्या, आकडा उड्या मारायला लागला की समजा तुटलेली जागा बोटाखाली आहे.

पण गाडीकडून येणाऱ्या बाजूला मीटर लावून फसू नका. समजा तारेचे सगळे धागे गंजून गेलेत आणि एखादाच शिल्लक आहे, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवणार कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. मेकॅनिक म्हणतो सप्लाय ओके आहे म्हणजे गिअरकेस गेली, आणि इथून पुढे गिऱ्हाइकाचे पैसे जायला सुरुवात होते. त्यापेक्षा टू व्हीलरच्या पार्किंगचा ५ वॅटचा बल्ब घ्या, दोन वायर जोडा आणि कॉइलच्या जागी तो लावा. इंजिन चालू, हँडब्रेक लावलेला, बटण दाबलेलं. २४ ओहमची कॉइल १२ व्होल्टवर अर्धा अँपियर घेते आणि ५ वॅटचा बल्ब जेमतेम त्याच्या आसपास घेतो, म्हणजे कॉइलवर जेवढा लोड पडतो तेवढाच तारेवर टाकून बघताय तुम्ही. बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग ठीक. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर आधी फ्यूज, मग बटण, मग तार. गाडीच्या डॅशबोर्डवर एडब्ल्यूडीचं चिन्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ते फक्त बटण दाबलंय एवढंच सांगतं.

केळशीच्या बाजूचे एक बागायतदार आहेत, आमचे जुने गिऱ्हाईक, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांची ५७० ऐन आंब्याच्या सीझनला चढावर थांबायला लागली, मागची चाकं गरगर आणि पुढची गप्प. त्यांनी गाडी टेम्पोत घालून शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला नेली, तिथून निरोप आला की पुढची गिअरकेस पूर्ण बदलावी लागेल, पार्ट मागवावा लागेल, आणि आकडा असा सांगितला की काकांनी फोन खालीच ठेवला. गाडी तशीच परत आणली. आमच्याकडे आल्यावर बल्ब लावला तर नुसती तांबूस रेघ, पेटल्यासारखा न पेटल्यासारखा. तार धरून वर गेलो तर गाडीच्या पोटाखालच्या प्लेटच्या वर, फ्रेमच्या ब्रॅकेटला जिथे ती घासते तिथे बाहेरून रबर अगदी अखंड, पण बोटांत दाबलं की मऊ लागत होतं. कापून बघितलं तर आत तांब्याऐवजी हिरवी-काळी भुकटी. चार बोटं तुकडा काढला, नवीन तार सोल्डर केली, गरम केल्यावर आवळून बसणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवली, कनेक्टरमध्ये ग्रीस भरलं आणि ती तार ब्रॅकेटपासून लांब बांधली. गाडी त्याच चढावर क्रेट घेऊन गेली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच. सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही, त्यांची माणसं काही मुद्दाम करत असतील असंही म्हणत नाही, त्यांना शिकवलंयच तसं, पार्ट काढा पार्ट घाला.

पण खरं सांगू का, त्या दिवशी तार जोडायला वेळ लागलाच नाही. वेळ खाल्ला खालच्या प्लेटच्या स्क्रूंनी, कारण आमच्या आधी कोणीतरी ते उघडायचा प्रयत्न करून सगळ्यांची डोकी गुळगुळीत करून ठेवली होती. त्यावर येतोच, आधी गिअरकेसचं उरलेलं सांगून टाकतो.

ऑइल. या गिअरकेसला पोलारिसचं डिमांड ड्राइव्ह नावाचं स्वतःचं ऑइल लागतं, पाव लिटरच्या आसपास बसतं, महाग आहे मान्य आहे, पण त्यात नव्वद नंबरचं साधं गिअर ऑइल ओतू नका. ती पातळ चकती कॉइलला चिकटायची आणि सुटायची हा सगळा खेळ ऑइलच्या पातळपणावर आणि घर्षणावर चालतो, जाड ऑइलमध्ये ती एकतर लागतच नाही किंवा लागली की सुटत नाही. ड्रेन केल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी शिरलंय, गिअरकेसची हवा जायची व्हेंटची नळी चिखलाने बुजलीय का बघा, पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, गाडी घालणाऱ्यांचं हे नेहमीचं आहे. एवढं सगळं होऊनही ड्राइव्ह लागत नसेल तरच गिअरकेस उघडायची, आर्मेचर प्लेट सपाट आहे का, तिच्यावर घासल्याच्या खुणा सगळीकडून सारख्या आहेत का, तिचे कान पिंजऱ्याच्या खाचेत नीट बसतात का, रोलर झिजलेत का, हे बघायचं. म्हणजे उघडणं हे शेवटचं काम आहे, पहिलं नाही.

यामाहासारख्या जपानी आणि सीएफमोटोसारख्या चिनी गाड्यांत प्रकार वेगळा असतो, तिथे पुढच्या डिफरन्शियलवर, म्हणजे पुढच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्यावर, एक छोटी इलेक्ट्रिक मोटर बसवलेली असते आणि बटण दाबलं की ती आतला फोर्क सरकवून गिअर जोडते. तिथे शांत ठिकाणी गाडी उभी करून, चावी फिरवून बटण दाबा आणि कान द्या, घुर्र किंवा खट असा आवाज आला पाहिजे. आवाज नाही तर मोटरला सप्लाय नाही नाहीतर मोटर आत पाणी जाऊन जाम झालीय. आवाज येतो पण ड्राइव्ह लागत नाही तर एकदा गाडी अर्धा फूट पुढे-मागे करा, दात दातासमोर आले की फोर्क सरकत नाही, बस एवढंच असतं कधी कधी. जाम झालेली मोटर काढून, साफ करून, नवीन ग्रीस आणि सील घालून पुष्कळदा चालू होते. काढून म्हणणं सोपं आहे, कारण ती स्टीलच्या स्क्रूंनी ॲल्युमिनियमच्या बॉडीत बसवलेली असते आणि खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना असे धरतात की सुटता सुटत नाहीत, मध्ये पांढरी पावडर तयार होऊन आटे भरून जातात.

तर स्क्रू. माझ्या मते एटीव्हीच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त नुकसान बिघाडाने होत नाही, स्क्रू ड्रायव्हरने होतं. ज्यांनी आरएक्स १०० चं क्लच कव्हर उघडलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. जपानी गाड्यांचा प्लसचा स्क्रू आणि आपण हार्डवेअरच्या दुकानातून आणतो तो फिलिप्सचा ड्रायव्हर हे दिसायला सारखे, पण आतला आकार वेगळा. फिलिप्स अमेरिकेत १९३० च्या दशकात आला, त्याच्या बाजू उतरत्या असतात, जोर वाढला की टोक आपोआप वर चढून बाहेर येतं. जपानी स्टँडर्डचा म्हणजे जेआयएसचा स्क्रू जास्त खोल आणि सरळ बाजूंचा, त्यात फिलिप्सचं टोक पूर्ण तळाशी टेकत नाही, वरच्या कडांवरच फिरतं आणि कडा कुरतडतं. पुष्कळ जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर प्लसच्या बाजूला एक छोटा ठिपका कोरलेला असतो, तो बघा आणि तसाच ड्रायव्हर घ्या. ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणाचे ते दोन छोटे स्क्रू आठवा, किती गाड्यांवर ते धड दिसतात? त्यांचं वाटोळं करणारा ड्रायव्हर जवळजवळ प्रत्येक गॅरेजच्या टेबलावर पडलेला असतो.

काकांच्या गाडीवर मात्र जेआयएसचा प्रश्न नव्हता, तिथे टॉर्क्सचे, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे, स्क्रू होते आणि खाचेत आमची तांबडी माती सिमेंटसारखी बसली होती. आधीच्या माणसाने ती न काढताच बिट ठेवलं, बिट अर्धंच आत गेलं, फिरवलं, सहाच्या सहा कोपरे गोल. त्यामुळे कुठलाही स्क्रू असो, पहिलं काम म्हणजे दाभण किंवा जुनी सायकलची तार घेऊन खाच तळापर्यंत खरवडायची, हवा मारायची, मग बिट ठेवून हातोडीने दोन टोले द्यायचे. हे टोले फार महत्त्वाचे, त्याने बिट तळाला बसतं आणि आट्यांमधला गंजही तडकतो.

डोकं आधीच गेलेलं असेल तर घाई करायची नाही. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी परत मारा. डब्ल्यूडी-४० चालतं पण खास गंजासाठीचा पेनिट्रेटिंग ऑइलचा स्प्रे जास्त आत जातो. मग व्हॉल्व्ह घासायची पेस्ट, ग्राइंडिंग पेस्ट म्हणतात ती, बिटच्या टोकाला थोडी लावायची, त्यातले कण पकड देतात आणि एवढ्यानेच बरेच स्क्रू सुटतात. रबर बँड ठेवून फिरवायचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला असतो, लाकडातल्या स्क्रूला ठीक आहे, गंजलेल्या गाडीला त्याचा उपयोग शून्य. त्यानंतर हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, मागून हातोडी मारली की जो दाबत दाबत फिरतो तो, जुने टू व्हीलर मेकॅनिक याच्याशिवाय क्रँककेसला हात लावत नसत. आधी अगदी किंचित घट्ट करायच्या दिशेने झटका द्यायचा आणि मग सोडवायच्या दिशेने, आटे मोकळे होतात. ॲलनच्या बोल्टचं षटकोनी भोक गोल झालं असेल तर त्यात जरा मोठं टॉर्क्स बिट ठोकून बसवायचं, ५ मिलिमीटरच्या ॲलनला टी-३० चांगलं बसतं, ठोकल्यावर स्वतःची खाच स्वतः पाडून घेतं.

ॲल्युमिनियममध्ये अडकलेल्याला उष्णता द्या, ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं त्यामुळे भोक सैल होतं. ब्लो टॉर्च नको, बाजूला प्लास्टिक, वायर, वर पेट्रोलची टाकी आणि पाइप, हीट गन वापरा आणि स्क्रू नको, आजूबाजूची बॉडी गरम करा. कंपनीने आट्यांना लाल लॉकटाइट, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात तो गोंद, लावलेलं असेल तर उष्णतेशिवाय ते सोडतच नाही, निळं असेल तर हातातल्या साध्या हत्याराने सुटतं.

मग छिन्नी. डोक्याच्या कडेला एक खाच पाडायची आणि छिन्नी तिरकी धरून उलट दिशेने ठोकत राहायचं. दिसायला रानटी आहे पण पातळ ड्रायव्हर घेऊन तासभर कुरकुरण्यापेक्षा शहाणपणाचं आहे. बाहेर डोकं वर आलेलं असेल तर वाइस ग्रिपने करकचून धरायचं. काकांच्या प्लेटचे बाकीचे याच दोन प्रकारांनी निघाले, पण एक बेटा काही केल्या हलेना, त्याचं डोकं ड्रिलने उडवलं. हे लोक करायला घाबरतात म्हणून सांगतो, स्क्रूच्या दांड्याच्या जाडीचं बिट घेऊन फक्त डोक्यात भोक पाडायचं, डोकं तुटून रिंगसारखं बाहेर येतं, प्लेट सुटते, आणि डोक्यानेच जो ताण धरलेला असतो तो गेल्यावर उरलेला दांडा कित्येकदा पक्कडीने सहज फिरतो. काकांचा तर शेवटचे दोन आटे बोटांनी निघाला. ते शेजारी खुर्ची टाकून बसलेले, म्हणाले, “एवढ्याशा खिळ्यापायी माझे आंबे झाडावर पिकले.”

दांडा आत मोडला असेल तर त्याच्यावर नट ठेवून मधून वेल्डिंग करून घ्या, वेल्डिंगची उष्णता आणि नटची पकड दोन्ही मिळतात. पण बॅटरीच्या दोन्ही केबल काढून, ईसीयूचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचा, कनेक्टर सोडून मगच, नाहीतर दहा रुपयांच्या स्क्रूपायी कॉम्प्युटर जायचा. ईझी आउटचं, म्हणजे मोडलेल्या दांड्यात भोक पाडून उलटा फिरवत घालायच्या पेचदार बिटचं, मी सगळ्यात शेवटी सांगतोय कारण लोक सगळ्यात आधी तेच वापरतात. बारीक स्क्रूत बारीक ईझी आउट, जरा तिरका जोर पडला की आतच मोडतो, आणि तो इतका कडक स्टीलचा असतो की साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं. मग गिअरकेस काढून लेथवाल्याकडे न्यायची वेळ येते, म्हणजे वायरच्या बिघाडासाठी आलेल्या गाडीची गिअरकेस खरोखर खाली उतरते. आटेच गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायची नव्या आट्यांची स्टीलची स्प्रिंग, बसवून घ्या, मूळ मापाचाच स्क्रू परत बसतो आणि ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा जास्त टिकतो. मोठं भोक पाडून मोठा बोल्ट ठोकायची सवय आमच्या लाइनमध्ये फार आहे, ती सोडली पाहिजे. आणि परत बसवताना आट्यांना थोडं कॉपर ग्रीस लावा, पुढचा मेकॅनिक दुवा देईल. फक्त तेव्हा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, जरा कमी द्यायचा कारण ग्रीसमुळे त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

संपादक साहेब, माझं म्हणणं दोन ठिकाणी पोचावं असं वाटतं. एक म्हणजे ज्या कंपन्या या गाड्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर म्हणून विकतात त्यांनी वायरिंग डायग्राम आणि दुरुस्तीचं पुस्तक गाडीबरोबर द्यावं, नाहीतर निदान विकत तरी मिळू द्यावं. दापोलीहून शहरातलं सर्व्हिस सेंटर गाठायचं म्हणजे टेम्पोचं भाडं, घाट, दोन दिवस आणि सीझनमध्ये दोन दिवस म्हणजे काय ते बागायतदाराला विचारा. आमच्यासारख्याने बल्ब लावून काढलेला बिघाड त्या पुस्तकाच्या एका पानात सापडला असता. दुसरं, आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक आणि टू व्हीलरची पोरं शिकतात त्यांच्या वर्कशॉपमध्ये जेआयएस ड्रायव्हरचा एक सेट आणि हाताचा एक इम्पॅक्ट ड्रायव्हर ठेवा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना फ्युएल इंजेक्शनची थिअरी पाठ असते, सेन्सरची नावं धडाधड सांगतात, पण स्क्रूच्या खाचेतली माती आधी काढायची हे कोणी सांगितलेलं नसतं. आणि मल्टीमीटरने १२ व्होल्ट दिसले की पोरं खूश, लोड टाकून बघायचं त्यांच्या डोक्यातच येत नाही, त्यात त्यांचा दोष नाही, परीक्षेत ते विचारत नाहीत.

तुमच्या लेखकालाही एक विनंती, पुढच्या वेळी दुरुस्तीवर लिहायचं असेल तर राइड देणाऱ्या पोरांशी बोला तसं गाडी उघडणाऱ्यांशीही बोला. पावसाळ्यात या, तेव्हा समुद्रावरचा धंदा बंद असतो आणि सगळ्या गाड्या आमच्याकडेच पडलेल्या असतात, काय काय निघतं आतून ते दाखवतो.

हत्यारांसाठी विचारणारे बरेच असतात म्हणून तेवढं लिहून टाकतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, दोन्हीकडे हेलिकॉइलचा सेट, इम्पॅक्ट ड्रायव्हर, ग्राइंडिंग पेस्ट मिळते. हेलिकॉइलचा एम ६ चा, म्हणजे ६ मिलिमीटरचा, सेट आधी घ्या, एटीव्हीला तोच जास्त लागतो. जेआयएस ड्रायव्हर मागताना दुकानदार ‘सगळे सारखेच असतात साहेब’ म्हणाला तर पुढच्या दुकानात जायचं, आणि बरोबर एक जुना ठिपकेवाला स्क्रू खिशात ठेवायचा, त्यात टोक टेकवून बघायचं, डुगडुगलं तर घ्यायचं नाही.

आपला नेहमीचा वाचक,
एक गॅरेजवाला, दापोली